सोळा नंबरचं बीळ

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेला साधारण १८० किलोमीटरवर टॅमिन नावाचं छोटं गाव आहे. नजर पोचेल तिथवर गव्हाची शेतं आणि त्यांच्यात अडकून राहिलेले मूळ रानाचे तुकडे. नॉर्थ बंगुला नावाचं राखीव रान हा त्यांतलाच एक तुकडा. १९७४ साली बार्बरा यॉर्क मेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी इथल्या जमिनीतली कोळ्यांची बिळं हेरायला सुरुवात केली. प्रत्येक बिळाजवळ नंबर लावलेली खुंटी ठोकायची, वहीत नोंद करायची आणि पुढच्या खेपेला परत येऊन बघायचं, एवढीच पद्धत. सोळा नंबरचं बीळ तेव्हा अगदी नवं होतं. आईच्या बिळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका पिल्लाने ते खणलं होतं.

बाई येत राहिल्या, वर्षामागून वर्षं गेली. सोळा नंबरची ती मादी २०१६ पर्यंत त्याच बिळात होती. वय ४३ वर्षं. कोळ्याचं एवढं आयुष्य याआधी कुठे नोंदलेलं नव्हतं. आधीचा विक्रम मेक्सिकोतल्या एका टॅरँटुलाचा होता, २८ वर्षांचा.

या जातीचं शास्त्रीय नाव गायस व्हिलोसस. व्हिलोसस म्हणजे लॅटिनमध्ये केसाळ. ऑस्ट्रेलियातल्या रेनबो या अभ्यासकाने १९१४ साली हे नाव ठेवलं. मध्यंतरी बरीच वर्षं ही जात अॅनिडिऑप्स या प्रजातीत धरली जायची, म्हणून जुन्या लिखाणात ती त्या नावाने सापडते. इंग्रजीत अशा कोळ्यांना ट्रॅपडोअर स्पायडर म्हणतात, म्हणजे जमिनीत बीळ खणून त्याच्या तोंडाला बिजागरीचं झाकण लावणारे कोळी. ज्यांनी धान्याचं पेव पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन दिसायची आणि झाकण काढलं की खाली कोरडी, सुरक्षित खोली. पेवात जमिनीवरचा ऊन-पाऊस पोचत नाही. कोळ्याच्या बिळाचंही मर्म तेच आहे. फरक एवढाच, की इथे आत हळदीऐवजी एक जिवंत प्राणी राहतो आणि मादी असेल तर ती जन्मभर ते बीळ सोडत नाही.

हा कोळी समजून घ्यायचा तर त्याला बिळातून काढून बरणीत ठेवून चालत नाही. तसं केलं तर अर्धा प्राणी जमिनीतच राहतो. त्याचं शरीर आणि त्याचं बीळ एकमेकांना इतकी धरून आहेत, की शरीरातली निम्मी वैशिष्ट्यं बिळाशिवाय कळत नाहीत आणि बीळही शरीराकडे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोन्ही सोबतच बघू.

सुरुवात तोंडापासून. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी समोरासमोर आणून चिमूट करा. छताच्या कोपऱ्यात जाळं विणणाऱ्या घरातल्या कोळ्याचे विषदंत असे मिटतात, दोन बाजूंनी आत, चिमट्यासारखे. आता दोन्ही मुठी शेजारी शेजारी धरा आणि दोन्ही तर्जनी वाकवून एकदम खाली आणा, जणू दोन कुदळी एकाच वेळी जमिनीत घालताय. ट्रॅपडोअर कोळ्याचे विषदंत असे चालतात, एकमेकांना समांतर, वरून खाली. चिमटा हवेतही काम करतो, त्यामुळे चिमटेवाल्या कोळ्यांना जाळ्यावर लटकून शिकार धरता येते. कुदळीला मात्र खाली टणक आधार लागतो. ट्रॅपडोअर कोळी पुढचं अंग उचलतो आणि भक्ष्याला जमिनीवर दाबत दंत रोवतो. टॅरँटुला आणि सिडनीचा प्रसिद्ध विषारी फनेल-वेब कोळी हे याच कुदळवाल्या गटातले. या गटाला मायगॅलोमॉर्फ म्हणतात. सिडनीच्या कोळ्याच्या विषाने माणसं दगावलेली आहेत, पण सोळा नंबरच्या जातीला त्या पंक्तीत बसवायचं कारण नाही. तिला माणसाशी काही देणंघेणंच नाही.

विषदंत ज्या जाड बुंध्यांना जोडलेले असतात, त्या बुंध्यांच्या पुढच्या कडेला या कोळ्याला आखूड, जाड काट्यांची एक ओळ असते. शास्त्रज्ञ तिला रास्टेलम म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे छोटं दंताळं. नाव ठेवणाऱ्याला शेतातली अवजारं माहीत असणार. माती खरवडायला कोळी खरोखरच त्याचा दंताळ्यासारखा उपयोग करतो. माती सैल करायची, ढेकूळ फोडायचं, मोकळी झालेली माती ओढून घ्यायची, हे सगळं काम तोंडाचं. पुढच्या पायांच्या कडेलाही जाड काट्यांच्या रांगा असतात, त्याही खणताना मदतीला येतात. उंदीर पायांनी माती मागे फेकतो तसं इथे होत नाही. कोळी दंताळ्याने माती सोडवतो, तिची छोटी गोळी करतो, ती तोंडाशी धरून बिळाच्या तोंडापर्यंत चढून येतो आणि बाहेर टाकतो. मग परत खाली. एका वेळी एक गोळी. पूर्ण वाढलेल्या मादीचं बीळ बघताना हा हिशोब डोळ्यांसमोर आणावा. त्यातली सगळी माती अशी गोळी-गोळीने वर आलेली असते. पिल्लू असताना खणलेल्या काडीएवढ्या भोकापासून सुरुवात आणि अंग वाढेल तसं तेच भोक थोडं थोडं रुंद आणि खोल करत जायचं.

आता पाय. कोळ्याच्या पायाबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पाय दुमडायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण दोन मुख्य सांध्यांत पाय ताठ करायला स्नायूच नाहीत. मग पाय सरळ होतो कसा? जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने लांब होतो, तसा. कोळी पुढच्या धडातला द्रव दाबून पायांत ढकलतो आणि पाय ताठ होतात. हा द्रव म्हणजे त्याचं रक्त. त्यात लोहाऐवजी तांब्यावर आधारलेलं हिमोसायनिन असतं, त्यामुळे हवेशी संबंध आला की ते निळसर दिसतं. मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी आवळून पडलेला दिसतो त्याचं कारण हेच. दाब गेला, दुमडणारे स्नायू तेवढे उरले.

अंगातलं पाणी कमी झालं की दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की झेप मंदावते. गव्हाच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या पुढे जातं आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, म्हणजे महिनोन्‌महिने कोरडं ऊन. त्यात या कोळ्याची श्वास घ्यायची तऱ्हाही पाणी उडवणारी. घरातल्या बहुतेक कोळ्यांना फुप्फुसांची एक जोडी आणि शिवाय बारीक हवानलिका असतात. या गटातल्या कोळ्यांना हवानलिका नाहीत, फुप्फुसांच्याच दोन जोड्या. पोटाच्या खालच्या बाजूला चार फिकट चट्टे दिसतात, ती त्यांची जागा. आत वहीच्या पानांसारखे पातळ पडदे एकावर एक रचलेले असतात, म्हणून त्यांना पुस्तकी फुप्फुसं म्हणतात. पानांच्या मधून हवा खेळते आणि हवेबरोबर ओलावाही जातो. उघड्यावर भर उन्हात असं शरीर फार वेळ टिकणार नाही. जमिनीखाली, दमट हवेत, झाकण बंद करून बसलं तर मात्र टिकतं. त्याची कातडी जे काम पुरेसं करू शकत नाही ते बीळ करतं.

डोळे आठ, पण नजर यथातथाच. सोळा नंबरची जात इडिओपिडी या कुळातली. या कुळात डोळ्यांची मांडणी विशेष असते. दोन डोळे पुढे, अगदी जबड्याच्या कडेशी, आणि बाकीचे सहा मागे घोळक्याने. जाणकार माणूस हे बघून कुळ ओळखतो. कोळ्याचं स्वतःचं जग मात्र पायांतून कळतं. पायांवर हवेच्या झुळकीने हलणारे नाजूक केस असतात. शिवाय कवचात बारीक चिरा असतात. जमिनीतून आलेल्या कंपनाने कवच किंचित जरी वाकलं तरी त्या चिरांना ते कळतं. अंधारात, झाकणाखाली बसलेल्या प्राण्याला डोळ्यांपेक्षा हेच उपयोगी. आगगाडी येतेय का हे रुळाला कान लावून ऐकतात, तशी ही मादी आठही पायांनी सतत जमीन ऐकत असते.

झाकण म्हणजे नेमकं काय ते मी जवळून पाहिलं ते आपल्याकडे, सह्याद्रीत. इडिओपिडी कुळ आपल्याकडेही आहे. त्यातल्या इडिऑप्स प्रजातीच्या एका जातीच्या नावात तर बॉम्बेएन्सिस म्हणून मुंबईच आहे. पाऊस ओसरत आला होता. घाटवाटेच्या कडेला कापलेल्या मातीच्या दरडीवर शेवाळ चढलं होतं. दिवसा तिथून दोनदा गेलो तरी मला काही दिसलं नव्हतं. सोबतच्या अनुभवी माणसाने बोट न लावता एका जागेकडे दाखवलं आणि बराच वेळ बघितल्यावर शेवाळात केसाएवढी बारीक, अर्धगोल रेघ दिसली. ती झाकणाची कड होती. झाकण अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं असेल. वर शेवाळ दरडीसारखंच हिरवं, त्यामुळे दरड कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं ते कळेना.

रात्री मंद उजेड घेऊन परत गेलो. दार गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं किलकिलं होतं आणि फटीत दोन काळसर पायांची टोकं, अगदी स्थिर. दारापासून हातभर अंतरावर मी बोट दरडीला टेकवलं मात्र, फट मिटली. आवाज नाही, धडपड नाही, आधी फट होती आणि मग नव्हती. थोड्या वेळाने गवताच्या काडीने कड जरा उचलून बघायचा मोह झाला, तर आतून ओढ लागली. त्या नखाएवढ्या दाराला पलीकडून जोर लावणारं कुणीतरी होतं, ते काडीतून बोटांना स्पष्ट जाणवलं. मी काडी काढून घेतली. तो जोर मात्र अजून बोटांत आहे.

ती ओढ कशी लागते? झाकणाच्या आतल्या बाजूला रेशमाचं दाट अस्तर असतं. कोळी त्यात विषदंत आणि पुढच्या पायांची नखं अडकवतो, बाकीचे पाय बिळाच्या भिंतीला रोवतो आणि खाली खेचून धरतो. बिळाची भिंतही नुसती माती नसते. कोळी ती रेशमाने लिंपतो, जुन्या घराची भिंत शेणामातीने सारवावी तशी. त्यामुळे माती ढासळत नाही, पाय रोवायला पकड मिळते आणि बाहेरचं कंपनही आत येतं. बिजागरीसुद्धा रेशमाचीच. झाकण माती आणि रेशीम यांच्या थरांचं. कोळी वाढला की भोक रुंद होतं आणि मग झाकणही मोठं करावं लागतं. नवा थर जोडून ते वाढवलं जातं.

झाकणांचे दोन मोठे प्रकार असतात. एक बुचासारखं जाड, भोकात घट्ट रुतून बसणारं. दुसरं पापुद्र्यासारखं पातळ, नुसतं वर टेकणारं. हा फरक नीट मांडला तो जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज या इंग्रज तरुणाने. फुप्फुसांच्या दुखण्यामुळे तो हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये मेंटन इथे येऊन राहायचा आणि तिथल्या दरडींवरची झाकणं न्याहाळायचा. १८७४ मध्ये, जेमतेम ३२ वर्षांचा असताना तो गेला. त्याचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने शेवाळाने मढलेलं एक झाकण काढून टाकलं आणि भोवतालचं शेवाळही खरवडून नुसती उघडी माती ठेवली. कोळ्याने नवं झाकण केलं, पण त्यावर लावायला दुरून शेवाळ आणलं. तपकिरी मातीवर ते हिरवं झाकण उठून दिसू लागलं. म्हणजे कोळी आजूबाजूला पाहून, रंग जुळवून दार सजवत नाही. दारावर शेवाळ लावायचं, हे त्याच्या अंगात आहे. लाखो वर्षं दाराच्या शेजारी शेवाळ असतच आलंय, त्यामुळे ही सवय पुरली. माणसाने भोवताल बदलला तेव्हा तीच सवय त्याला उघडं पाडणारी ठरली.

टॅमिनच्या रानात शेवाळाची दरड नाही. तिथे सपाट जमीन, विरळ झाडी आणि झाडांखाली पडलेला पालापाचोळा. सोळा नंबरच्या जातीने त्या पाचोळ्याचंच अवजार केलंय. ही मादी काटक्या आणि वाळकी लांबट पानं वेचते आणि बिळाच्या तोंडाच्या कडेला रेशमाने एका टोकाने चिकटवते. दुसरी टोकं बाहेर, जमिनीवर पसरलेली. वरून पाहिलं तर भोकापासून किरण फुटल्यासारखं दिसतं, उघडलेल्या पंख्यासारखं. रात्री मादी झाकणाखाली, पायांची टोकं कडेशी ठेवून बसते. एखादी मुंगी किंवा भुंगा काटकीवर पाय देतो, काटकी किंचित हलते आणि ती हालचाल थेट मादीच्या पायांत पोचते. काटक्या नसत्या तर भक्ष्य दाराशी येईपर्यंत थांबावं लागलं असतं. काटक्यांमुळे तिचे पाय जणू कैक पटींनी लांब झालेत. मग एक झेप. पण तीही पूर्ण नाही. मागचे पाय बिळाच्या कडेला धरूनच ती बाहेर झेपावते, दंत रोवते आणि भक्ष्यासकट आत जाते. दार मागे आपोआप मिटतं. आत गेल्यावर पाचक रस सोडून भक्ष्याचा मऊ भाग पातळ करायचा आणि तो शोषून घ्यायचा, कारण कोळ्याला घन काही गिळता येत नाही.

उरलेली कवचं आणि पाय फेकून दिले जात नाहीत. त्यांचा उपयोग फार नामी आहे. बिळाच्या खालच्या भागात रेशमाची एक सैल नळी असते, पायमोज्यासारखी. या मोज्याच्या वरच्या भागामागे, भिंत आणि रेशीम यांच्या मधल्या जागेत, हा उष्टा कचरा साठवलेला असतो. एखादा शत्रू झाकण फोडून आत शिरला, तर मादी खाली सरकते आणि मोज्याची वरची कड आत ओढून घेते. मोजा मिटतो आणि मागचा कचरा त्यावर पडतो. घुसखोराला समोर दिसतो बिळाचा तळ. थोडी माती, थोडी जुनी कवचं, म्हणजे इथे राहणारी कधीच मेली. मादी त्या खोट्या तळाच्या खाली जिवंत बसलेली असते. शत्रूही तसेच आहेत. ऑस्ट्रेलियात एक विंचू असा आहे की तो बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्याच मागावर असतो. गोमा आहेत. आणि सगळ्यांत वाईट त्या कोळीमार गांधीलमाश्या. त्यांच्याकडे नंतर येऊ.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोज्याची युक्ती शिकवली कुणी, असं मनात आलं. कुणी शिकवलेली नाही. पिल्लू आईच्या बिळात अंड्यातून बाहेर येतं, काही महिने तिथेच राहतं आणि उन्हाळा सरल्यावर पहिल्या पावसाने जमीन भिजली की बाहेर पडतं. भिजलेली माती मऊ असते, इवल्या दंताळ्याला झेपते. पाऊस चुकला तर पिल्लाला खणताच येत नाही आणि उघड्यावर ते वाळून जातं. म्हणून त्याचं सगळं आयुष्य त्या काही ओल्या दिवसांवर ठरतं. पिल्लू फार लांबही जात नाही. आईच्या बिळाच्या आसपासच स्वतःचं भोक पाडतं, त्यावर इवलंसं झाकण लावतं आणि बस्स, पत्ता कायमचा झाला. त्यामुळे या रानात बिळांची वस्ती घराण्यांसारखी दिसते. मध्ये मोठी, जुनी मादी आणि भोवती तिच्या लेकींची बिळं.

नराचं निराळं. तोही पाच-सात वर्षं बिळातच वाढतो. पण वयात आला की शेवटची कात टाकून कायमचा बाहेर पडतो. आता तो शिकारी राहिलेला नसतो, नुसता वाटसरू. पावसाळी दिवसांत तो माद्यांची दारं शोधत फिरतो. दार सापडलं तर बाहेरून पायांनी ठोठावून आपण भक्ष्य नव्हे हे कळवावं लागतं. मिलनाच्या वेळी त्याच्या पुढच्या पायांवरचे खास काटे मादीचे विषदंत वरच्या वर अडवून धरतात. तरी तो फार जगत नाही. तो हंगाम संपता संपता त्याचं आयुष्य संपतं.

मादी मात्र वयात आल्यावरही कात टाकत राहते आणि हे कोळ्यांत सर्रास आढळत नाही. घरातल्या जाळीवाल्या कोळ्यांच्या माद्या प्रौढ झाल्या की बहुधा कात टाकणं थांबतं आणि आयुष्यही वर्ष-दोन वर्षांत आटोपतं. ट्रॅपडोअर मादी दार आतून बंद करून जुनं कवच उतरवते. झिजलेले दंत, मोडलेले केस, दुखावलेला पाय, सगळं नव्याने येतं. त्यासोबत नराचं बीज साठवायच्या पिशवीचं अस्तरही निघून जातं, म्हणून तिला पुढच्या वेळी पुन्हा नर लागतो. ४३ वर्षांचं गूढ थोडं इथे उकलतं. अवयव नवे होत राहतात, हालचाल जवळजवळ शून्य, त्यामुळे शरीराचा खर्च अगदी कमी, घर थंड आणि दमट. आठवड्यात एखादा किडा मिळाला तरी निभतं. आणि भोवतीचं रान न तोडलेलं, म्हणजे काटक्या मिळतात, मुंग्या मिळतात.

इथे कुणीही शंका घेईल आणि ती घ्यायलाच हवी. १९७४ सालचं पिल्लू आणि २०१६ सालची मादी एकच, हे कशावरून? मध्ये ती मेली असेल आणि दुसरीने घर बळकावलं असेल. याचं उत्तर बिळातच आहे. एकदा ठाव धरलेली मादी या जातीत जागा बदलत नाही. घर मोडलं तर डागडुजी करते, सोडून जात नाही. दुसऱ्याचं रिकामं बीळही वापरत नाही. शिवाय बीळ अंगाच्या मापाचं असतं. पिल्लाला मोठ्या मादीचं भोक कामाचं नाही आणि मोठी मादी घर सोडून येणार नाही. मालकीण गेली की दार काही काळात खिळखिळं होतं, काटक्या सुटतात, कड ढासळते. त्यामुळे वर्षानुवर्षं जागच्या जागी, धड, मापात वाढत गेलेलं बीळ म्हणजे तीच मादी. बाईंच्या वहीचं मोल इथे आहे. एखाद्या वर्षी अचानक येऊन पाहणाऱ्याला हे कधीच सांगता आलं नसतं. टॅमिनच्याच परिसरात वाढलेल्या बार्बरा यॉर्क मेन यांनी चार दशकांहून जास्त काळ हे काम केलं. वयामुळे त्यांना रानात जाणं अवघड होऊ लागलं, तेव्हा लिआंडा मेसन ही तरुण संशोधक ती वही पुढे चालवत होती. खुंट्यांशेजारी वाकून बघण्यात कुणाची ४२ वर्षं जाऊ शकतात, हे मला त्या मादीच्या वयाइतकंच थोर वाटतं.

इडिओपिडी कुळ ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, भारतात आणि दक्षिण अमेरिकेतही आहे. मधे एवढे समुद्र आणि हे कोळी तर दारापासून दूर जायला तयार नाहीत. हे सगळे भूभाग एकेकाळी एकत्र होते, हे ध्यानात घेतलं की कोडं बरंचसं सुटतं. त्या जोडलेल्या भूखंडाला भूशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात आणि ते नाव गोंडांच्या मुलखावरून आलंय, ज्यात आपलं चंद्रपूरही येतं. प्राणी चालत गेला नाही, जमीनच त्याला घेऊन गेली.

पण जी जमीन घेऊन जाते तिच्यावर नांगरही फिरतो. गव्हाच्या या पट्ट्यातलं बहुतेक मूळ रान विसाव्या शतकात शेतीसाठी साफ झालं. उडणारा पक्षी दुसऱ्या झाडावर जाईल, कांगारू दुसऱ्या तुकड्यात जाईल. ज्या मादीचं घर नांगराखाली गेलं ती कुठे जाणार? नवं बीळ खणायची तिची वेळ वयाच्या पहिल्या काही महिन्यांत येऊन गेलेली असते. पिल्लं शेत ओलांडून पलीकडच्या रानात पोचत नाहीत. माद्यांची दारं शोधत फिरणारे नर कमी झाले की माद्या वर्षानुवर्षं पिल्लांविना राहतात आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, बिळं तर आहेत, सगळं ठीक आहे. एवढी दीर्घायुषी जात असली की ऱ्हास दिसायलाही दशकं लागतात.

३१ ऑक्टोबर २०१६ ला मेसन सोळा नंबरच्या खुंटीपाशी आली तेव्हा झाकण जागेवर होतं, पण त्याला आरपार भोक पडलेलं होतं. परजीवी गांधीलमाशीचं काम. अशी माशी बिळात शिरून कोळ्याला डंख मारते. त्याने तो मरत नाही, लुळा पडतो. मग ती त्याच्या अंगावर एक अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी जिवंत कोळ्याला हळूहळू खात मोठी होते. मोज्याचा खोटा तळ आणि दंतांनी ओढून धरलेलं दार विंचवाला थोपवतं. वरून पातळ दार भेदणाऱ्या माशीपुढे त्याचं काही चाललं नाही. आत मादी नव्हती. बिळाची कड सुटू लागली होती आणि ती पुन्हा रेशमाने लिंपणारं आत कुणी उरलं नव्हतं.